नाव ठरत नाहीये: किरण, निनाद की सुजित?

वाळव्याचा_क्यूसी

नमस्कार मंडळी. मी ट्रान्समॅन (जन्मदाखल्यावर मुलगी, पण आहे पुरुष), वय 27, गाव वाळवा तालुक्यातलं, नोकरी चाकणला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर गो-नोगो गेज. हॉर्मोन सुरू होऊन वर्ष उलटलं. मिशी फुटतेय, आवाज फाटलाय. लाइनवरची पोरं आडनावानंच हाक मारतात, म्हणून आजवर निभावलं. आता एचआर म्हणतंय, गेटपासवर आणि पगाराच्या स्लिपवर नाव बदलायचंय ना, मग एकदाच काय ते पक्कं करा आणि कागद आणा. माझं घोडं नेमकं तिथंच अडलंय.

जुनं नाव इथं लिहीत नाही. 'स' वरून आहे एवढं पुरे.

मुलगा झाला असता तर घरचे जे ठेवणार होते तेच घ्यावं, असं आधी वाटलेलं. आईला फोन करून विचारलं. "ठरलेलं होतं की, संग्राम," म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. कारण ते नाव माझ्या पाठच्या भावानं कधीच पटकावलंय. एका रेशनकार्डावर दोन संग्राम कसे लावायचे?

बहुतेकांचं म्हणणं, किरण घे. पोरालाही चालतं, पोरीलाही. कस्टमर केअरला फोन लावला की "मॅडम, खातेदारांना फोन द्या" हे ऐकावं लागणार नाही. मलाही पटत आलं होतं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "किरणच बरं, उद्या तुझं मन बदललं तरी अडचण नाही." तिथंच किरणवरचं मन उडालं.

एका मित्रानं रुद्र सुचवलं. अहो, मी 2013 ला दहावी झालेला माणूस. आमच्या तुकडीत दोन अक्षय, एक सागर, स्वप्नील, विशाल, सूरज. रुद्र, विहान, आरव ही पोरं आत्ता कुठं डबा घेऊन शाळेत जायला लागलीत. मी रुद्र म्हणून सांगितलं तर समोरचा माझ्याकडे बघण्याआधी नावाकडंच बघत बसेल.

मला स्वतःला आवडतं ते निनाद. का, ते सांगता येत नाही, शाळेत असल्यापासून आवडतं. पण मामाला सांगितलं तर म्हणाला, "आपल्या भावकीत रणजित, धैर्यशील, पृथ्वीराज. त्यात निनाद म्हंजे पुण्यातनं दत्तक आणल्यागत वाटतंय." आणि अण्णा बोलायला लागले तर त्याचं 'निनाथ' करणार, ही माझी खात्री.

तिसरं सुजित. साधं आहे, माझ्या वयाच्या पोरात खपून जातं, गावाकडं शोभतं, सहीतलं पहिलं अक्षरही तेच राहतं. पण अंगात काही संचारत नाही ते नाव घेताना.

अण्णांचं सांगायचं राहिलं. माझे वडील. दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाहीत. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, फोन आला की उठून गोठ्यात जातात. पण मी नाव बदलतोय हे कळल्यावर आईला त्यांनी एकच विचारलं, "मधलं नाव माझंच ऱ्हाणार न्हवं?" आईनं मला हे सांगितलं आणि मला काय बोलावं सुचेना.

तर, तुम्ही नाव कसं ठरवलंत? घरच्यांना किती विचारलंत? आणि कागदोपत्री मधल्या नावाचं नि दहावीच्या सर्टिफिकेटचं काय होतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. "आतला आवाज ऐक" वाले सल्ले नकोत, आतून तीन आवाज येतायत.

---

ठाणे_स्लो

भावा, किरण मी लावलंय. चार वर्षं होतो किरण. सुरुवातीला खरंच सोय झाली. मेसवाल्या काकूंना, घरमालकाला, ऑफिसातल्या सिक्युरिटीला काही समजवावं लागलं नाही. घरी तर बाबांना वाटायचं की मी अजून काही ठरवलंच नाहीये, त्यामुळे घरात शांतता. पण नंतर त्याच गोष्टीचा वैताग यायला लागला. ईमेलच्या उत्तरात "डियर मॅम". कुरियरवाला खालून ओरडतो, "किरण मॅडम कोण?" चेहरा, आवाज सगळं बदललं आणि नावच दर वेळी मला मागे खेचायचं. शेवटी दुसऱ्यांदा बदललं. दोनदा कागद करणं म्हणजे काय असतं ते कागदी_घोडा सांगेल. ज्याला दोन्हीकडचं नाव मनापासून हवंय त्यानं किरण जरूर घ्यावं. तुझी मावशी ज्या कारणासाठी सांगतेय त्या कारणासाठी घेऊ नये.

ठरवायचं कसं? वहीत लिहून बघू नकोस. जिथं तुला कोणी ओळखत नाही आणि मोठ्यानं नाव पुकारतात तिथं वापर. सलून, पार्सलचं काउंटर, डोळ्यांचा डॉक्टर. एका आठवड्यात एक नाव, पुढच्या आठवड्यात दुसरं. मी असं करून 'ऋग्वेद' बाद केलं. पावभाजीवाल्यानं ते तीन प्रकारे उच्चारलं आणि तिन्ही वेळा मी शेजारच्याकडे बघितलं.

आणि महत्त्वाचं. त्या नावाचं 'या' लावून काय होतं ते आधी बघ. महेशचा मह्या, सचिनचा सच्या, अभिजितचा अभ्या. दोस्त लोक पूर्ण नाव घेणार नाहीत, लिहून घे. मला पहिल्यांदा कोणी असं तोडून, शिवी जोडून हाक मारली ना, त्या दिवशी मी घरी जाऊन एकटाच नाचलो. हॉर्मोनच्या पहिल्या इंजेक्शनलाही एवढा आनंद झाला नव्हता.

---

कागदी_घोडा

माझं 2022 मध्ये झालं, त्या अनुभवावरून लिहितो. अर्ज करशील त्या दिवशीचे नियम मात्र पोर्टलवर स्वतः वाच, दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नकोस.

2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा आणि त्याखालचे 2020 चे नियम, हे दोन कागद छापून जवळ ठेव. केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. जिल्हाधिकाऱ्यांकडून कलम 6 खाली ओळख प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी 2022 मध्ये ऑपरेशन लागलं नाही, वैद्यकीय तपासणीही नव्हती. तेव्हा नियमात 30 दिवस होते. मला बरेच जास्त लागले, दर सोमवारी फोन करायचो. या प्रमाणपत्रावर लिंग 'पुरुष' येत नाही, 'ट्रान्सजेंडर' येतं. मराठी कागदांवर त्याचंच 'तृतीयपंथी' करतात आणि आपल्यातल्या अनेकांना तो शब्द स्वतःला लावायला नको वाटतो, मलाही. पण तो वाद खिडकीवरच्या क्लार्कशी घालून उपयोग नाही. 'पुरुष' हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर कलम 7 खाली सुधारित प्रमाणपत्र.

आता तुझा मुद्दा. त्याच कलम 7 मध्ये पुढं म्हटलंय की प्रमाणपत्र मिळालेल्याला जन्मदाखल्यात आणि ओळखीच्या बाकी सगळ्या सरकारी कागदांत आपलं पहिलं नाव बदलता येतं. पहिलं. मधल्या नावाला, आडनावाला हातच लागत नाही. तुझ्या अण्णांना खुशाल सांग, त्यांचं नाव आहे तिथंच राहतंय.

दहावीचं: तिथं तुला ऐकवतील की शाळा सोडल्यावर नाव बदलत नाही. शैक्षणिक प्रमाणपत्रंही नियमांच्या जोडपत्रातल्या यादीत आहेत. ते पान उघडून समोर ठेवायचं, आवाज न चढवता. लेखी अर्ज द्यायचा आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

राजपत्रातही नाव छापून घे. मुद्रण व लेखनसामग्री संचालनालयाच्या साइटवर ऑनलाइन अर्ज होतो. कायदा काही म्हणो, बँकेतला माणूस राजपत्रच मागतो. मग आधार, मग पॅन, मग बँक. पीएफ विसरू नकोस. यूएएनमधलं (म्हणजे पीएफच्या नंबरवरचं) नाव आधारशी जुळलं नाही तर नोकरी सोडताना बोंब होते.

---

आजीबाईंचा_बटवा

मी ट्रान्स नाही, माझी भाची आहे, तिच्यामुळे इथे वाचत असते. लिहीन की नको म्हणत होते, पण तुझ्या मावशीचं वाचून राहवलं नाही.

बाळा, माझं नाव 1979 साली बदललं. माहेरची मी सिंधू. लग्नात ह्यांनी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं 'माधवी' लिहिलं, नणंदेनं वाचून दाखवलं, पेढे वाटले, झालं. मला कोणी विचारलं नव्हतं. मला तर 'माधवी' नावाची शाळेतली एक मुलगी अजिबात आवडायची नाही, तिचंच नाव जन्मभर घेऊन बसले. पण सांगायचं ते वेगळंच. आठ दिवसांत सगळ्या वाड्याच्या तोंडी ते नाव बसलं. सासूबाईंच्या, पोस्टमनच्या, भांडीवाल्या गंगूबाईच्या. "आम्हाला सवय व्हायला वेळ लागेल हो" असं एकानंही म्हटलं नाही. एकवीस वर्षांच्या बाईचं पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही एका दुपारीत बदललं आणि सगळ्यांना जमलं. तेव्हा तुला कोणी "जीभ वळत नाही" म्हणालं तर माझं उदाहरण दे. माझी आई तेवढी मरेपर्यंत सिंधूच म्हणायची आणि मी दोन्हींना ओ द्यायचे. तुझ्या आईची जीभ कधी घसरली तर तिला थोडं सांभाळून घे. मावशीला नको घेऊस.

सरकारलाही जमतं, मनात आलं तर. 2011 साली साताऱ्याला जिल्ह्यातल्या अडीचशेहून जास्त 'नकुशा' मुलींची नावं एका समारंभात बदलली, दाखले दिले. मुलगी नको होती म्हणून ते नाव ठेवलेलं. पेपरात फोटो आले होते, मी कात्रण ठेवलंय.

वडिलांविषयी. मुलगी म्हणून तुझं लग्न लावून दिलं असतं तर त्यांचं नाव तुझ्या नावामागून गेलंच असतं, जसं माझ्या वडिलांचं गेलं. आता ते कायम राहणार. बहुतेक तेच त्यांच्या डोक्यात चाललं असेल. पुरुष माणसं गोठ्यात जाऊन असले हिशेब करतात.

---

पांढरा_रस्सा

निनाद घे. मामा काय ईएमआय भरणार आहे का? 'आपल्यात असली नावं नसतात' ह्याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळतं, फक्त बोलत नाही कोणी. नाव ऐकून जात ओळखायची सोय बिघडते म्हणून त्रास होतो लोकांना. बिघडू दे की.

---

ठाणे_स्लो

@पांढरा_रस्सा, मुद्दा बरोबर, पण क्रांती त्याच्याच गेटपासवर कशाला? त्याला आठ तास लाइनवर उभं राहायचंय.

---

वाळव्याचा_क्यूसी

सगळ्यांचे आभार. ठाणे_स्लोचा प्रयोग केला, जरा माझ्या पद्धतीनं. शिफ्टमधल्या एका जवळच्या पोराला सगळं सांगितलं (तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. चहा कोण सांगणार?") आणि म्हटलं, उद्यापासून लांबून दोन्ही नावांनी हाक मारून बघ. आमचं टेबल प्रेस शॉपला लागून. तिथं दीडशे टनाचा प्रेस आपटत असताना निनाद म्हणून कोणी ओरडलं तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. 'सुज्या' मात्र पार कंप्रेसरपर्यंत जातं. दोन दिवसांत बाकीच्यांनी विचारलं कोण सुज्या, त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं, आणि त्यांनीही सुरू केलं. आता मागं घ्यायचं म्हटलं तरी घेता येणार नाही. तर सुजित. संचारत नाही म्हटलं होतं ते मागे घेतो. पांढरा_रस्सा, निनाद हे नाव पुढं मुलाला ठेवीन, तेव्हा मामाला बारशाला बोलवू.

आईला कायद्याचं सांगितलं, तिनं अण्णांना. त्यांनी "बरं" म्हटलं आणि ट्रॅक्टरचा हप्ता भरला का विचारलं. नाव अजून घेतलेलं नाही. पण आईशी बोलताना आता "तुझा चाकणवाला" म्हणतात. 'तुझा'. आई म्हणते, आधी 'तुझी लेक' होतं.

आजीबाई, मावशीला तुमचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचंही नाव लग्नात बदललेलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मलाबी कुणी इचारलं नव्हतं."

प्रतिज्ञापत्र करायला शनिवारी जातोय. कागदी_घोडा, एकच शंका. इंग्रजीत सुजितच्या 'जि'ला एक आय लिहू की दोन ई? एचआरवाली म्हणते दोन ई चांगलं दिसतं.

---

कागदी_घोडा

एक आय. चांगलं दिसण्याशी काही देणंघेणं नाही. प्रतिज्ञापत्र, पोर्टल, राजपत्र, आधार, सगळीकडे अक्षर न अक्षर तेच. आणि आधी अण्णांच्या नावाचं स्पेलिंग तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर नि आधारवर सारखं आहे का ते बघ. माझ्या बाबांचं तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं होतं, महिना त्यातच गेला.