महागड्या वस्तीला शहर कधी म्हणावे?

चौकस
उंच इमारती, रुंद रस्ते आणि नामवंत ब्रँडांची दुकाने एकत्र आली की श्रीमंत भाग आपोआप शहरी होतो आणि तेथील शांतता हीच त्याच्या दर्जाची खूण असते, असे कालच्या लेखात ठासून सांगितले आहे. हे मला मुळीच पटत नाही. तेथे काहीही काम नसलेल्या माणसालाही ज्या रस्त्याने चालत जावेसे वाटते, तो भाग शहर. अशा रस्त्यांची उदाहरणे पाहा: १८११ च्या आराखड्यामुळे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण चालताना साधारण ६० मीटरवर पुढचा चौक लागतो. बार्सिलोनाच्या एशाम्प्ला भागात नगररचनाकार सेर्दाने १८५९ च्या आराखड्यात इमारतींचे कोपरे तिरपे छाटले, त्यामुळे प्रत्येक चौक प्रशस्त झाला. नव्या आलिशान संकुलांच्या कडेने चालताना मात्र पार्किंगच्या रॅम्पचे तोंड, जनरेटरची जाळी आणि लॉबीची काळी काच एवढेच दिसते; तळमजल्यावर रोजच्या गरजेची दुकाने नाहीत आणि रस्त्याला चैतन्य नाही.

संथ
न्यूयॉर्कच्या अपर ईस्ट साइडला पार्क अॅव्हेन्यूवर बहुतांशी निवासी इमारतीच आहेत आणि दुकाने क्वचितच दिसतात. मग त्याला खेडे म्हणायचे काय? ज्यांच्या घराखाली उपाहारगृह नाही, त्यांनाच तळमजल्याच्या गजबजाटाचे कौतुक असते. माझ्या शयनगृहाच्या खिडकीखाली धुराड्याचा पंखा मध्यरात्रीपर्यंत घरघरतो आणि पहाटे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट ट्रकमध्ये आदळतात. आपण एक रात्र मुक्कामाला या, मग चैतन्यावर बोलू.

चौकस
पार्क अॅव्हेन्यू शांत राहू शकते, कारण शेजारच्याच लेक्सिंग्टनवर दुकाने आणि भुयारी रेल्वेची स्थानके आहेत. शांतता आणि वर्दळ यांत एका वळणाचे अंतर असावे, एवढेच माझे म्हणणे आहे. तो गोंगाट मात्र नियम न पाळणाऱ्या मालकाचा आहे; त्याचे खापर शहरावर कशाला फोडता?

बाकप्रेमी
आपण दोघेही दुकानांतच अडकला आहात. बसायला जागा कोठे आहे, हे कोणीच विचारत नाही! एका चकचकीत व्यापारी संकुलाच्या कट्ट्यावर मी बुटाची नाडी बांधायला टेकलो, तर नाडीची गाठ बसण्याआधीच सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला. बाके होती, पण प्रत्येकाच्या मधोमध लोखंडी दांडा होता, म्हणजे कोणी आडवे होऊ नये. वाहतुकीला खुल्या असलेल्या रस्त्याला लागून ही तऱ्हा असेल, तर तळमजल्यावर पन्नास दुकाने थाटली तरी तो भाग परकाच राहणार.

संथ
त्या रक्षकाचा पगार आमच्यासारख्या रहिवाशांच्या देखभाल शुल्कातून जातो. फुकट बसण्याचा हक्क सांगणाऱ्यांनी झाडलोटीचाही वाटा उचलावा.

बाकप्रेमी
फुकट? न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमावलीत, लोकांसाठी मोकळी जागा सोडणाऱ्या विकसकाला वाढीव बांधकाम क्षेत्र देऊ केले. विकसकांनी मजले वाढवून घेतले आणि बदल्यात अनेक ठिकाणी नुसती ओसाड फरशी अंथरली. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी अशा जागांवर कॅमेरे लावून निरीक्षण केले आणि जेथे बसायला जागा असते तेथे लोक बसतात, ही साधी गोष्ट दाखवून दिली. १९७५ मध्ये नियम सुधारून बैठक सक्तीची करावी लागली. जागेची किंमत मजल्यांच्या रूपाने आधीच वसूल झाली असेल, तर बसणाऱ्याला उपकाराची भाषा ऐकवू नये.

संथ
असा करार असेल तेथे बाक द्यावाच लागेल, हे मान्य करतो. हायसे वाटले असेल. परंतु चौकस यांनी एक सांगावे. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये जुन्या इमारतींची बाजू घेतली, कारण नव्या बांधकामाचे भाडे छोट्या धंद्याला झेपत नाही. आज त्या जेथे राहत होत्या त्या न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटच्या परिसरातील जुनी घरे कोणाला झेपतात? लोकांना आवडलेला रस्ता महाग होतो आणि तो आवडण्याजोगा करणारा दुकानदारच आधी हुसकावला जातो.

चौकस
हा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो आपल्याकडून यावा याचे नवल वाटते. पण त्यावरचा उपाय रस्ता कंटाळवाणा ठेवणे हा नव्हे.

संथ
ठीक आहे. रॅम्प मागच्या गल्लीत न्या आणि तळमजल्यावर शिंपी, औषधविक्रेता, चावीवाला येऊ द्या. मात्र पंखा किती वाजता बंद होईल ते मला लेखी द्या.

चौकस
लेखी मिळेल. त्या चावीवाल्याला परवडेल असे भाडे मात्र आपल्याच संस्थेच्या सभेत मंजूर करून आणा.