मदत हवी आहे : १९४६ची ब्रिटिश संसदेतली प्रश्नोत्तरं वाचायची कशी? (गहू, पाव आणि हिंदुस्थान)

गिरगावची_नात :

नमस्कार मंडळी. आधी थोडी पार्श्वभूमी, मग अडचण.

१९४६ साली माझी आजी गिरगावात नवी सून होती. रेशनच्या रांगा, तांदळातले खडे, सुपात पाखडल्यावर उरणारं धान्य हे सगळं आम्ही तिच्याकडून हजारदा ऐकलंय. पण एक गोष्ट ती दर वेळी हसत सांगायची : "साहेबाच्या घरी पावाला रेशन लागलं तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते!" मला वाटायचं, ही आपली आजीची पुडी. पण नाही. युद्ध चालू असताना विलायतेत पाव मोकळा मिळत होता, आणि युद्ध संपून वर्ष होत आलं तेव्हा, २१ जुलै १९४६ला, पावावर रेशन आलं. ते २४ जुलै १९४८पर्यंत टिकलं.

आमच्या वाचनकट्ट्यावर या विषयावर वीस मिनिटं बोलायचं कबूल करून बसलेय. पुस्तकं वाचली, पण मला मंत्री तोंडाने काय बोलले ते हवं होतं. म्हणून हॅन्सार्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा छापील वृत्तांत, उघडलं (ते ऑनलाइन फुकट आहे) आणि तिथेच अडले.

काही प्रश्नांच्या आधी आकडा आहे, काहींच्या नाही, आणि 'लेखी उत्तरं' या भागातही मध्येच कुठे आकडा डोकावतो. तो का? भारतमंत्री पेथिक-लॉरेन्स यांच्या नावाने शोधलं तर १९४६च्या कॉमन्समध्ये (निवडून आलेल्यांचं सभागृह) एकही उत्तर सापडत नाही. स्ट्रेची अन्नमंत्री होते ना? मग मे महिन्यात त्यांच्या नावाखाली विमानं का निघतात? शिवाय निम्मी उत्तरं अशी की वाचून हाती काहीच लागत नाही : 'आधीच्या उत्तराकडे लक्ष वेधतो', 'यात भर घालण्यासारखं काही नाही'. ही भाकड उत्तरं सरळ सोडून द्यायची का?

आणि एक, हसू नका. जुलैमध्ये पावाच्या आदेशाविरुद्ध 'प्रेअर' असं काहीतरी दिसलं. संसदेत पावासाठी प्रार्थना केली की काय?

---

टेम्सकाठचा :

हसलोच, माफ करा. :)

दोन 'प्रेअर' आहेत. एक खरीखुरी, रोज कामकाज सुरू होण्याआधीची. दुसरी म्हणजे सरकारने कायद्याच्या अधिकारात काढलेला एखादा आदेश रद्द करावा, असा राजाकडे 'प्रार्थना' करणारा ठराव. तुम्ही पाहिलीत ती दुसरी. विरोधकांच्या हातातलं जुनं हत्यार आहे ते.

पेथिक-लॉरेन्स का सापडत नाहीत? १९४५च्या निवडणुकीनंतर त्यांना उमराव करून लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या वरच्या सभागृहात, बसवलं, आणि लॉर्ड्सचा सदस्य कॉमन्समध्ये उत्तर देऊ शकत नाही. म्हणून कॉमन्समध्ये हिंदुस्थानवरची उत्तरं उपमंत्री आर्थर हेंडरसन देत. त्यातून १९४६चा मार्चअखेर ते जून एवढा काळ भारतमंत्री कॅबिनेट मिशनबरोबर (सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी आलेलं ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ) हिंदुस्थानातच होते. नाव शोधताना जपून, वडील आणि मुलगा दोघेही आर्थर हेंडरसन. वडील मजूर पक्षाचे मोठे पुढारी, नोबेल शांतता पुरस्कारवाले, पण ते १९३५मध्येच वारले. तुमचे हेंडरसन म्हणजे मुलगा.

स्ट्रेचींचं कोडं सोपं आहे. मेच्या अखेरीपर्यंत अन्नमंत्री होते सर बेन स्मिथ. स्ट्रेची तोवर हवाई खात्याचे उपमंत्री होते, म्हणून विमानं. स्मिथ यांनी राजीनामा दिला आणि पावाचं लोढणं स्ट्रेचींच्या गळ्यात पडलं.

जाता जाता : तुम्ही वाचताय ते कामकाज कॉमन्सच्या सभागृहात झालेलंच नाही. मे १९४१च्या बॉम्बहल्ल्यात ते जळून गेलं होतं. ऑक्टोबर १९५०मध्ये नवं सभागृह उघडेपर्यंत कॉमन्स लॉर्ड्सच्या दालनात बसत होतं. नव्या सभागृहाला राष्ट्रकुलातल्या देशांनी वस्तू भेट दिल्या, त्यात आत शिरायचे दरवाजे भारत आणि पाकिस्तान यांच्याकडून आले. फाळणी होऊन तीन वर्षं झालेली, आणि लंडनला दरवाजे दोघांचे!

---

निवृत्त_प्रतिवेदक :

ताई, आकड्यांचं मी सांगतो. विधिमंडळात प्रतिवेदक, म्हणजे कामकाज शब्दशः टिपणारा, म्हणून हयात गेली. आमच्याकडे तारांकित आणि अतारांकित असे दोन प्रकार, हे तुम्हाला माहीत असेल. हा तारा मूळचा ब्रिटिश संसदेतलाच. ज्याला तोंडी उत्तर हवं तो सदस्य प्रश्नावर तारा लावून देई, आणि छापील यादीत त्या प्रश्नाला क्रमांक मिळे. एका सदस्याला दिवसाला असे तीनच प्रश्न. तारा नसलेल्याला लेखी उत्तर, म्हणून त्याला आकडा नाही.

आता लेखी भागातला आकडा. तोंडी प्रश्नांना वेळ जेमतेम तासाभराचा. साडेतीन वाजले की प्रश्नोत्तरं संपली. ज्याचा क्रमांक तोवर पुकारला गेला नाही, त्याचं उत्तर लेखी म्हणून छापून येई आणि क्रमांक तसाच राही. म्हणजे लेखी भागात आकडा दिसला, की समजा हा माणूस बाकावर वाट बघत बसला आणि त्याची पाळी आलीच नाही. पुरवणी प्रश्न विचारायची संधीही गेली. आमच्याकडेही सदस्य याच गोष्टीवर सगळ्यात जास्त चिडत.

आणखी एक खूण. पंतप्रधानांचे प्रश्न त्या काळी ४५व्या क्रमांकापासून लागत. ॲटलींना विचारलेला एखादा प्रश्न चाळिशीच्या पुढचा दिसला, तर त्याचा अर्थ तो बिनमहत्त्वाचा असा नाही, पंतप्रधानांची जागाच ती होती.

आता भाकड उत्तरांबद्दल. ती अजिबात सोडू नका, माझं ऐका. आमच्या यादीत प्रश्न कसा असतो? '(१) हे खरे आहे काय? (२) असल्यास, चौकशी केली आहे काय? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि उत्तर : '(१) हे अंशतः खरे आहे. (२) होय. (३) प्रश्न उद्भवत नाही.' नवख्याला वाटतं, काहीच सांगितलं नाही. पण 'अंशतः' या एका शब्दावर आत खात्यात तीन-तीन मसुदे झालेले असतात. तुमच्या हॅन्सार्डमध्येही हेच आहे. 'आधीच्या उत्तराकडे लक्ष वेधतो' म्हणताना मंत्री तारीख देतो. ती तारीख टिपा आणि तिथे जा. तिथे आणखी मागची तारीख असेल. असं दोन-तीन पायऱ्या उतरलात की मूळ उत्तर मिळतं. मग ते शेवटच्या उत्तराशेजारी ठेवून वाचा. मधला कुठला शब्द गळाला, 'होईल' जाऊन 'आशा आहे' कधी आलं, ते पाहा. तुमच्या भाषणाला लागणारा माल तिथे आहे.

---

पाटीपेन्सिल :

काकांच्या उत्तराला पुस्ती. नावाने शोधू नका, खात्याने शोधा. एकट्या गव्हासाठी चार दारं ठोठवावी लागतील. ब्रिटनमधला साठा, पीठ, पाव : अन्न खातं. हिंदुस्थानातली टंचाई : हेंडरसन. जहाजं : वाहतूक खातं, ज्याच्या नावात एप्रिल १९४६पर्यंत 'युद्ध' होतं. आणि जर्मनीतल्या ब्रिटिश विभागाचं (युद्धानंतर ब्रिटनच्या ताब्यात आलेला भाग) अन्न? लँकेस्टर डचीचे चॅन्सेलर, जॉन हाइंड! हे नाव वाचून कुणाला वाटेल की हा माणूस जर्मनीतल्या भुकेबद्दल उत्तर देतोय? मी स्वतः दोन दिवस हाइंड यांची पानं 'कसली तरी सरंजामी भानगड' समजून ओलांडत होतो. तसंच घरबांधणीचे प्रश्न आरोग्यमंत्री बेव्हन यांच्याकडे. खात्याच्या नावावरून अंदाज बांधायचा नाही.

आणि सरकारने त्या वर्षांत खाजगी (मंत्री नसलेल्या) सदस्यांच्या विधेयकांचा वेळ स्वतःकडेच घेतला होता, तो १९४८पर्यंत. त्यामुळे मागच्या बाकावरच्या माणसाला उरलं काय? प्रश्न, नाहीतर दिवसाच्या शेवटी तहकुबीवरची अर्ध्या तासाची चर्चा. ती चर्चा चुकवू नका. सभागृह जवळपास रिकामं, एक सदस्य, एक उपमंत्री आणि एकच विषय. प्रश्नोत्तरांत दोन ओळींत कटवलेली गोष्ट तिथे नीट उलगडते.

हिंदुस्थानबद्दल कोण विचारतं ते हेरून ठेवा. मजूर पक्षाचे सोरेन्सन सतत दिसतील. आणि हुजूर पक्षाचे सर स्टॅन्ली रीड, हे मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'चे एकेकाळचे संपादक. त्यांना बॉम्बे म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हता.

---

गिरगावची_नात :

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. काल रात्री दीडपर्यंत जागले.

काकांनी सांगितलं तसं मागे मागे गेले. धागा मे १९४६च्या उत्तरार्धात पोचला. ॲटलींच्या मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री हर्बर्ट मॉरिसन वॉशिंग्टनला गहू मागायला गेले आणि उलट ब्रिटनच्याच वाट्यातले दोन लाख टन सोडून आले, जर्मनीतला ब्रिटिश विभाग आणि हिंदुस्थान यांच्यासाठी. परत आल्यावर संसदेत त्याचा जाब द्यावा लागला. दोन महिन्यांत पावाला रेशन. म्हणजे आजीच्या चाळीला पेढे वाटावेसे वाटले त्या रेशनमागे थोडा आमच्याच ताटातला गहू होता! हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती कोण जाणे.

साध्या प्रौढ माणसाला दिवसाला नऊ औंस पाव, म्हणजे सुमारे २५५ ग्रॅम. त्यांच्या ओरड्यापुढे हे मला बरंच वाटलं, खरं सांगते.

एक शंका उरली. 'माझे सन्माननीय मित्र' आणि 'सन्माननीय सदस्य' यांत काही फरक आहे, की नुसतं गोड बोलणं? आणि दोन लाख टनांची पोती किती?

---

निवृत्त_प्रतिवेदक :

फरक आहे. 'मित्र' म्हणजे स्वपक्षाचा, 'सदस्य' म्हणजे समोरच्या बाकावरचा. त्याला जोडून 'राइट' लागलं तर प्रिव्ही कौन्सिलचा (राजाचं सल्लागार मंडळ), 'लर्नेड' लागलं तर मोठा वकील, 'गॅलंट' लागलं तर फौजेतला. १९४६मध्ये हे 'गॅलंट' उदंड, नुकतेच गणवेश उतरवून आलेले. पक्ष माहीत नसेल तर या संबोधनावरून ओळखता येतो. भाषांतरात सगळ्यांना सरसकट 'सन्माननीय सदस्य' करू नका, त्यात माहिती बुडते.

---

पाटीपेन्सिल :

त्यांचा टन म्हणजे २,२४० पौंड, आपल्या मेट्रिक टनापेक्षा जरा मोठा, १,०१६ किलोचा. दोन लाखांचे झाले २०,३२,००० क्विंटल. शंभर किलोचं पोतं धरा, वीस लाख बत्तीस हजार पोती. पण भाषणात 'एवढी पोती मुंबईला आली' असं म्हणू नका हं! ती दोघांत वाटायची होती, आणि हिंदुस्थानच्या वाट्यातलं कुठल्या प्रांताला काय मिळालं ते कॉमन्सच्या उत्तरांत शोधण्यात अर्थ नाही. त्यासाठी दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेचं कामकाज काढा. सप्टेंबर १९४६पासून अंतरिम सरकारात अन्न खातं राजेंद्रप्रसादांकडे होतं, आणि तिथेही तारांकित प्रश्न आहेतच.

---

गिरगावची_नात :

म्हणजे आणखी एक हॅन्सार्ड! बोलणं शनिवारी आहे हो. दिल्लीचे खंड ग्रंथालयात जाऊन बघावे लागतील ना? कुणी मुंबईत हाताळलेत का? पोत्यांचं वाक्य खोडलंय.