काळ्या मातीतल्या जुन्या घराला लागून खोली वाढवायची आहे, पायासाठी माती कशी तपासून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

गाव बार्शी तालुक्यात. आईवडिलांचं घर १९९४ चं, लोडबेअरिंग (कॉलम नाहीत, भार भिंतींवर), दगडी पाया साधारण ४ फूट. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून मागच्या भिंतीला लागून १२ बाय १४ ची खोली आणि त्यातच बाथरूम काढायचं आहे. वर मजला चढवायचा नाही.

मिस्त्री म्हणतात, "चार फूट खोदू, मुरूम भरू, जुन्या पायात सळई गुंतवू, काही होत नाही." माझं मन घेत नाही. जुन्याच घराच्या मागच्या कोपऱ्यात खिडकीखालून तिरकी भेग आहे. एप्रिलमध्ये तिच्यात रुपयाचं नाणं उभं जातं, श्रावणात ती जवळजवळ मिटते. लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तरी पुढच्या उन्हाळ्यात तीच गत. जवळच मोठा कडुलिंब आहे, त्याचा काही संबंध?

मे महिन्यात जेसीबीने एक खड्डा घेतला. वर फूटभर भराव (राख, विटांचे तुकडे), मग ८ फुटांपर्यंत काळी माती, खाली चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळट थर, ९ फुटांवर मुरूम. काळ्या मातीचं ढेकूळ फोडलं की आतली बाजू तिरपी आणि घासल्यासारखी चकचकीत. पाणी लागलं नाही.

शिवाय वडील म्हणतात, परड्यात कुठेतरी आजोबांचं ज्वारीचं पेव (जमिनीखालचं धान्य साठवायचं कोठार) होतं. नेमकं कुठे, ते आठवत नाही.

नेमक्या कोणत्या चाचण्या करून घेऊ? आणि जुन्या पायाला नवा जोडायचा का?

प्रतिसाद १

ती चकाकी म्हणजे माती फुगते-आकसते तेव्हा आतले थर एकमेकांवर घासल्याची खूण. भेगही तेच सांगतेय. कडुलिंब उन्हाळ्यात तळातलं पाणी ओढतो, त्यामुळे तो कोपरा जास्त आकसतो. पण झाड एकदम तोडू नका, मग माती उलट फुगत जाते.

जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये फ्री स्वेल इंडेक्स (माती किती फुगते), लिक्विड लिमिट (किती पाण्यात ती वाहायला लागते), प्लास्टिक लिमिट (किती पाण्यापर्यंत ती वळता येते) एवढं करून घ्या. फ्री स्वेलमध्ये चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम दोन नळ्यांत टाकतात, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतल्या मातीच्या आकारमानातला फरक मोजायचा, रॉकेलमधल्या आकारमानाच्या टक्क्यांत. ५० टक्क्यांच्या वर गेला तर मिस्त्रींचा चार फुटी पाया विसरा. (रॉकेल हल्ली लॅबलाही शोधावं लागतं, ते असो.)

प्रतिसाद २

मी स्ट्रक्चरल कामं करतो. सरळ ९ फूट खोदून मुरमावर फुटिंग (पायाचा रुंद तळ) घ्या असं सांगितलं असतं, पण जुना पाया ४ फुटांवर आहे. त्याला खेटून ९ फुटी खड्डा काढलात तर जुनी भिंतच खाली येईल. अशा ठिकाणी अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) बरे. रूरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने ते याच मातीसाठी रुळवले. हाताच्या ऑगरने (माती कोरायच्या गिरमिटाने) १ फूट व्यासाचं भोक, तळाला अडीचपट फुगवटा, लांबी किमान साडेतीन मीटर. वर प्लिंथ बीम (पाइल जोडणारी, भिंत पेलणारी आडवी तुळई), पण बीमच्या तळाशी ३ इंच पोकळी ठेवायची, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. मुरूम कडक लागला तर फुगवटा निघत नाही, म्हणून पाइलच्या जागी आधी एक बोअर घेऊन बघा.

जुन्या पायात सळई अजिबात नको. दोन्हींत इंचभर सांधा सोडा, फ्लॅशिंगने (पाणी आत जाऊ नये म्हणून लावायच्या पत्र्याच्या पट्टीने) झाका. बाथरूमचा पाइप पायाजवळ गळला तर बाकी सगळं वाया, तेव्हा तिथे कंजुषी नको. भिंतीबाहेर ४ फुटी काँक्रीटचा उताराचा पट्टाही करा.

पेव मात्र आधी शोधा. पहार ठोकत जा, पोकळ आवाज आला किंवा पहार सर्रकन आत गेली की तिथे खोदून बघा. त्यावर पाइल येता कामा नये.

धागाकर्ता

दोघांचे आभार. सळईवरून मिस्त्रींशी वाजणार, पण बघतो. लॅबला नमुना किती आणि कसा न्यायचा?

प्रतिसाद १

प्रत्येक थराचा चार-पाच किलो, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून, वर खोली लिहून. वरच्या भरावाचा नको. आणि खड्डा उघडा ठेवू नका, पावसाळा तोंडावर आहे आणि घरात वयस्कर माणसं आहेत.