मदत हवी आहे: हेर उपग्रहाच्या जुन्या फोटोवर उजनीखालचं गाव कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं जुनं गाव पळसदेवच्या अलीकडे, भीमेच्या काठाला. उजनी धरणाचं पाणी चढलं तसं उठलं. आजी आता ८८ वर्षांची आहे. तिच्या बोलण्यात सारखी येणारी एक विहीर मला नकाशावर आणायचीय. दोन मोटांची, वाड्याच्या उगवतीला, धाव (मोट ओढताना बैल चालतात ती उतरण) देवळाच्या अंगाला उतरलेली.

गावनकाशाची नक्कल मिळवली, पण मूळ नकाशा घडीवर फाटलाय आणि आमचा गट नेमका त्या घडीतच. म्हणून अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांकडे वळलो. (गुगलवर नुसतं 'कोरोना' टाकू नका, भलतंच दुखणं निघतं.) १९६० ते १९७२ पर्यंत हे उपग्रह चक्क फिल्मवर फोटो काढायचे. फिल्मचा डबा पॅराशूटनं खाली सोडायचा आणि विमानानं तो हवेतच आकड्यात पकडायचा. हुकून समुद्रात पडलाच तर थोडा वेळ तरंगायचा, मग त्यातलं मिठाचं बूच विरघळून तळाला जायचा, म्हणजे दुसऱ्याच्या हाती लागायला नको. ऑगस्ट १९६० मध्ये हवाईजवळ पकडलेल्या पहिल्या डब्यात सोव्हिएत मुलुखाचं जेवढं चित्रण निघालं, तेवढं यू-२ हेरविमानांच्या तोवरच्या सगळ्या फेऱ्यांत मिळून झालं नव्हतं. १९९५ मध्ये हे फोटो खुले झाले. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर मिळतात. रशियाची क्षेपणास्त्रं मोजणाऱ्या कॅमेऱ्यात आमचं शिवारही आलंय!

तर घोडं कुठं अडलंय सांगतो. एक पट्टी, म्हणजे एक लांबट फोटो, उतरवली. आधी नदीच उलटी वाहत होती, १८० अंशांत फिरवल्यावर सरळ झाली. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खी पट्टी घेऊन दहा खुणा दिल्या, म्हणजे फोटोतली जागा आजच्या नकाशावर कुठं ते दाखवलं. इंदापूरची बाजू बसली की नदी किलोमीटरभर सरकते, नदी बसवली की रस्ता वाकडा. आणि खुणा तरी कशाच्या देऊ? तेव्हाचं सगळं आता पाण्यात, आताचं तेव्हा नव्हतं. वीस फुटी विहीर यात दिसते तरी का?

नकाशेवेडा:
अख्खी पट्टी घेतलीत तिथंच चुकलं. या कॅमेऱ्याची भिंगं उडण्याच्या दिशेला आडवी झुलत फोटो घ्यायची, त्यामुळे मधलं माप वेगळं, टोकांचं वेगळं. एक पट्टी दोनेकशे किलोमीटर लांब पडते. ती एका सूत्रात बसणारच नाही. यूएसजीएसकडून तिचे चार तुकडे येतात, त्यातला गावाचा तुकडा घ्या आणि त्यातूनही गावाभोवतीचे पाच-सहा किलोमीटरच कापा. मग थिन प्लेट स्प्लाइन (चित्र रबरासारखं ताणून खुणांवर बसवायची पद्धत) लावा, पंधरा-वीस खुणा द्या. गाव पट्टीच्या टोकाला असेल तर दुसरी पट्टी शोधा, टोकाला चित्र फार ताणलेलं असतं.

विहिरीचं म्हणाल तर पट्टीच्या नावातला उपग्रह मोहिमेचा आकडा बघा. १० नं सुरू होणारा असेल तर केएच-४ए जातीचा कॅमेरा, म्हणजे जमिनीवरचा पावणेतीन मीटरचा तपशील. ११ नं सुरू होत असेल तर केएच-४बी, पावणेदोन-दोन मीटर. वीस फुटी विहीर म्हणजे दोन-तीन ठिपके. नुसती शोधलीत तर बाभळीची सावली म्हणून सोडून द्याल. धाव शोधा. रोज बैल चालून चालून तुडवलेली ती उतरती पट्टी काळ्या रानात पांढुरकी उठून दिसायला हवी. पिकं उभी असतानाची पट्टी घेऊ नका, मार्च-एप्रिलची बघा.

भिगवणकर:
खुणांचं उत्तर दुष्काळात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ्यात गेली होती, एरवी पाण्यात असलेलं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं होतं. त्या मे महिन्याची सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. तपशील दहा मीटरचाच, पण नदीचं जुनं पात्र आणि ओढ्यांची तोंडं कळतात. देवळाची जागा गूगल अर्थच्या जुन्या तारखांत बघा. वरच्या अंगाला डिकसळचा इंग्रजांच्या वेळचा पूल आहे, तो दोन्हीकडे सापडेल, पण तुमच्या कापलेल्या तुकड्यात तो येतोय का ते आधी बघा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पूल तुकड्याबाहेर जातोय, पण देऊळ आणि तीन ओढे धरून बसवलं, नदी आता वीस-पंचवीस मीटरच हलते. देवळापासून वाड्याकडे एक पांढुरकी रेघ दिसतेय. आजीला दाखवली. ती म्हणाली, "ही न्हवं, ही बैलगाडीची वाट. धाव हिच्या खालतीकडं."

खालतीकडं माझ्या पट्टीत नुसता काळा डाग आहे. माझी १० ची आहे. त्याच भागाची ११ ची एक पट्टी यादीत दिसते, पण स्कॅन झालेली नाही, ३० डॉलर भरून मागवावी लागेल. नावात डीएफ आणि डीए असे दोन प्रकार आहेत. एकाचेच पैसे भरायचे तर कुठलीचे भरू?

नकाशेवेडा:
डीएफ म्हणजे पुढं कललेल्या कॅमेऱ्याची, डीए मागं कललेल्या. विहिरीसाठी कुठलीही चालेल. आधी दोन्हींची छोटी चित्रं उघडा, गावावर ढग नसेल ती मागवा.