गटाराची झाकणं, जाळ्या, केबल चोरी: नेमकं कोणतं कलम, आणि भंगार घेणाऱ्यावर काय बंधन हवं?

पूर्व_उपनगर_एएलएम

फुटपाथवरची बिडाची झाकणं आणि पावसाळी गटारांच्या जाळ्या पुन्हा पुन्हा गायब होतायत. पालिकेच्या 1916 या तक्रार क्रमांकावर कळवलं की नवं झाकण बसतं, पण पोलीस ठाण्यात दरवेळी एनसीचा (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, ज्यात पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत) कागद हातात मिळतो. प्रभाग समितीला निवेदन द्यायचंय. गुन्हा का नोंदवत नाहीत, विकत घेणाऱ्यावर काय कारवाई होऊ शकते, आणि इंग्लंडसारखी रोखीने भंगार घ्यायला बंदी मुंबईत चालेल का, एवढं सांगा. "कायदा कडक करा" असलं मोघम नको, ते आम्हालाही लिहिता येतं.

फौजदारी_वकील

एनसीचं मूळ किमतीत आहे. भारतीय न्याय संहितेच्या 303(2) नुसार माल 5,000 रुपयांच्या आतला आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर फक्त समाजसेवेची शिक्षा. फौजदारी प्रक्रियेचा जो कायदा आहे त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ही 5,000 च्या आतली चोरी अदखलपात्र ठरवली आहे. आता हिशोब करा. झाकण शंभर किलोच्या आसपास, बिडाचा भंगारभाव किलोला पस्तीस धरला तरी साडेतीन हजार. ठाणे अंमलदार एनसी लिहून मोकळा.

इथे दोन गोष्टी चुकतात. भंगारभाव लिहायचाच नसतो. पालिकेने झाकण-चौकट ज्या दराने घेतली तो दर लिहायचा. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मुळात 303 लावणं. कलम 305 चा शेवटचा खंड (ङ) शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेच्या चोरीसाठीच आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र, आणि किमतीची अटच नाही. महापालिका हे स्थानिक प्राधिकरण, त्यामुळे शंभर रुपयांची जाळी गेली तरी 305 लागतं. जुन्या भादंविच्या 380 मध्ये हा खंड नव्हता. नवी संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, तरी सवयीने हात 303 कडेच जातो.

सोबत सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, 1984 चं कलम 3(2) मागा. त्यात मलनिःसारण, पाणी आणि वीजपुरवठ्याची कामं येतात. सक्तमजुरी किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं. विजेच्या तारा गेल्या असतील तर विद्युत अधिनियम, 2003 चं 136, आणि त्या घेणाऱ्याला 137.

विकत घेणाऱ्यासाठी न्याय संहितेचं 317 आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर तीन वर्षांपर्यंत. असा धंदाच करत असेल तर 317(4), म्हणजे जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. शिक्षा कमी आहे असं कुणी म्हणू नये. अडतं ते "हेच ते झाकण" हे सिद्ध करताना.

हार्बर_सिग्नल

वरच्या शेवटच्या वाक्याला रेल्वेचं उदाहरण चपखल आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, 1966 आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) स्वतः चौकशी करून चालवतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत, सहसा एक वर्षाच्या खाली नाही. पुढच्या गुन्ह्याला किमान दोन. त्यातली खरी ताकद पुराव्याच्या ओझ्यात आहे. माल रेल्वेचा आणि चोरीचा असल्याचा वाजवी संशय दाखवला, की तो कायदेशीर मार्गाने आला हे बाळगणाऱ्याने सिद्ध करायचं.

पण हे ओझं तेव्हाच उलटतं, जेव्हा माल रेल्वेचा म्हणून ओळखू येतो. ओव्हरहेडची संपर्क तार 107 चौरस मिलिमीटरची, भरीव तांब्याची. क्लिप पकडायला तिच्या दोन्ही अंगांना लांबच्या लांब खाच असते. वीतभर तुकडा सापडला तरी ती घरच्या वायरिंगची नाही हे कुणालाही दिसतं. सिग्नल केबलचं उलट आहे. वरचं आवरण जाळलं की उरतं ते नुसतं तांबं, आणि तांब्यावर मालकाचं नाव नसतं. म्हणून केबलच्या प्रकरणात आवरणाचे अर्धवट जळलेले तुकडे, राख, कापलेली टोकं हे सगळं जागेवरच पंचनाम्यात घ्यावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार आता झडती-जप्तीचं चित्रीकरणही करायचं असतं, तेही मागा.

जाता जाता: सिग्नलची केबल तुटली की यंत्रणा स्वतःहून लाल दाखवते. तांबं जातं दोन-चार किलो आणि खोळंबते अख्खी लाइन. नुकसानीचा आकडा लिहिताना हे कुणी धरतच नाही.

काटा_पावती

आता दुकानाच्या बाजूने. झाकण आमच्याकडे कधीच अख्खं येत नाही. बीड ठिसूळ असतं, घणाचे चार घाव घातले की तुकडे. ते जुन्या इंजिनांच्या आणि यंत्रांच्या बिडात मिसळले की संपलं. माल फेरीवाल्याकडून वस्तीतल्या दुकानात, तिथून साकीनाका, कुर्ला, मानखुर्दच्या मोठ्या काट्यावर आणि पुढे तळोजा-जालन्याच्या भट्टीकडे जातो. कागद सुरू होतो तो मधल्या टप्प्यावर. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला जीएसटी उलट आकारणीने स्वतः भरावा लागतो आणि खरेदीचं बिलही स्वतःच फाडावं लागतं. पण वस्तीतलं छोटं दुकान नोंदणीच्या मर्यादेखाली असतं, आणि चोरीचा माल पहिल्यांदा उतरतो तिथेच. भट्टीपर्यंत पोचतो तो बिलाचा माल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2013 च्या कायद्यानुसार भंगाराचे पैसे रोखीने द्यायला बंदी आहे. विकणाऱ्याचं नाव-पत्ता ओळखपत्रावरून तपासायचा. मालाचं वर्णन, वजन, गाडीचा नंबर आणि पैसे कसे दिले याची नोंद तीन वर्षं ठेवायची. दुकानाला वेगळा परवाना, फिरून गोळा करणाऱ्याला वेगळा, तोही त्या त्या स्थानिक परिषदेचा. कॅलिफोर्नियात लोखंडेतर धातूचे पैसे तीन दिवस देतच नाहीत, विकणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घेतात. मात्र नेहमी माल घालणाऱ्याला तीन दिवसांच्या अटीतून सूट आहे. आपल्याकडे अशी सूट दिली तर नेहमीचा चोर हाच नेहमीचा गिऱ्हाईक होईल.

इथे उचलायचंच असेल तर रकमेची मर्यादा घालू नका. "हजाराच्या वर रोख नको" म्हटलं की एका गोणीच्या पाच पावत्या होतात. मर्यादा मालावर घाला. रद्दी, डबे, भांडी, पंखा, कूलर रोखीने घेऊ द्या. गटाराची झाकणं-जाळ्या, रस्त्याचं रेलिंग, दिव्याचे खांब, रेल्वेचे क्लिप, जळकं तांबं, पाण्याच्या मीटरचं पितळ ही यादी दुकानात लावायची. यातला माल संबंधित खात्याच्या लिलावपत्राशिवाय घ्यायचाच नाही. क्यूआर कोड आता प्रत्येक टपरीवर आहे, त्यामुळे यूपीआय जमत नाही ही सबब कुणी देऊ नये.

वेचक_संघटना

यादी चालेल. पण ओळखपत्राची सक्ती सरसकट केलीत तर पहिला मार कचरावेचक बाईला बसेल. तिच्या गोणीत दोन किलो पत्रा आणि थोडं जर्मन (अॅल्युमिनियम) असतं, ती पूल कापत नाही. 2023 मध्ये मालाडच्या नाल्यावरचा 90 फुटी, 6,000 किलोचा तात्पुरता लोखंडी पूल गेला, तो गॅस कटर आणि मोठी गाडी आणून. त्यात कंत्राटी कंपनीचा माणूसच पकडला गेला होता. तपासणी कटरवर, गाडीवर आणि कंत्राटदाराच्या साठ्यावर ठेवा.

मलनि_अभियंता

हे मान्य. आता खुणेबद्दल. झाकणावर नुसतं पालिकेचं नाव ओतून भागत नाही, कारण घणाने फुटल्यावर नाव एकाच तुकड्यावर राहतं. साच्यातच खालच्या बाजूला, बरगड्यांवर तीन-चार ठिकाणी वॉर्ड आणि क्रमांक यायला हवा. चौकटीवरही तोच. आणि वॉर्डाच्या नोंदवहीत तो क्रमांक कुठल्या जागेचा हे लिहिलेलं हवं. ती वही नसेल तर खूण असून नसल्यासारखी.

साहित्य बदलणं हा दुसरा उपाय, पण डोळे मिटून नको. डक्टाइल (कमी ठिसूळ ओतीव) लोखंड घणाने सहज फुटत नाही, बिजागरी आणि कुलूपही लावता येतं. एफआरपीला (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकला) भंगारात कुणी विचारत नाही. मात्र कमी भाराच्या वर्गाचं झाकण रस्त्याच्या मधोमध टाकलं तर ट्रकच्या चाकाखाली तडकतं. एफआरपीचं झाकण हलकं असल्याने मुसळधार पावसात भरलेल्या गटाराचं पाणी ते उचलूनही टाकतं, म्हणून बोल्ट हवाच. सिमेंटच्या झाकणांच्या कडेची लोखंडी पट्टी काढायला लोक अख्खं झाकण फोडतात.

प्रत्येक उघडं भोक चोरीचंच नसतं, हेही निवेदनात असू द्या. पाणी तुंबलं की लोकच झाकण सरकवतात. 29 ऑगस्ट 2017 ला डॉ. दीपक अमरापूरकर प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, तो पुराचाच दिवस होता. म्हणून झाकणाखाली संरक्षक जाळी बसवणं हा वेगळा मुद्दा घ्या. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी 6 लाखांची भरपाई ठरवली. त्याचा उल्लेख केलात तर कागद जरा लवकर हलतो.

पूर्व_उपनगर_एएलएम

आभारी आहे. फिर्याद रहिवाशाने दिली तर चालते, की वॉर्डानेच द्यायची?

फौजदारी_वकील

दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतो. पण उद्या माल सापडला तर ओळख पटवायला वॉर्डाचा अभियंता लागेल, त्यामुळे आधी त्यांच्याकडून पत्र घ्या. जागा, झाकणाचा प्रकार आणि क्रमांक, खरेदीचा दर, शेवटचं कधी पाहिलं, आणि खाली जावक क्रमांक. ते जोडून अर्जात 305 (ङ) स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. तरीही नोंद झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस उपायुक्तांकडे टपालाने पाठवा, आणि तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. जाळीचा फोटो भोकाशेजारी मोजपट्टी ठेवून काढा, नुसत्या भोकाच्या फोटोवरून काय गेलं ते कळत नाही.