डिस्प्रॅक्सियाबद्दल लोकांना सांगायचंय, दोन हजारांत काय होईल? (सोलापूर)

आत्या_जोडबसवण्णा
नमस्कार मंडळी. माझा भाचा पाचवीत आहे. बुटाची नाडी, शर्टाची बटणं, कंपासचं वर्तुळ, ताटातलं सांडणं, सगळ्यावरून बोलणी खातो. पुण्यात तपासलं तर डिस्प्रॅक्सिया निघाला. डोळे, हातपाय, बुद्धी ठणठणीत. पण हालचाल मनात जुळवून क्रमानं करताना गडबड होते. पाढे विचारा, धडाधड म्हणतो. मंडळाच्या लेझीमच्या सरावात मात्र डावं-उजवं चुकलं की पोरं हसतात, मोठी मुलं ओरडतात. परवा त्याला "तू पाणी वाट" म्हणून बाजूला काढलं, तर जगच सांडला.
इंग्लंडात ऑक्टोबरमध्ये याचा जागृती सप्ताह पाळतात. तेव्हा आपल्याकडंही काहीतरी करावं म्हणते. चौकात डिजिटल फलक लावू, पत्रकं छापू, की डॉक्टरांचं व्याख्यान ठेवू? बजेट २,००० रुपये. त्याच्यावर एक रुपया नाही.

सातरस्ता_किंग
डिजिटलच लावा. आमच्या दुकानाचं दहा बाय पंधराचं लावलेलं, अजून लोक विचारतात. सात रस्त्याला चारी बाजूंनी लावायचं. सात-आठ हजारांत काम होतंय.

शेंगाचटणी
सात रस्त्याला चार बाजू कुठून काढल्या ओ? आणि महापालिकेची परवानगी कोण काढणार? बाईंनी दोन हजार लिहिलंय.
पत्रकांच्या नादी पण लागू नका. आम्ही रक्तदानाची वाटली होती, संध्याकाळी त्यातच भजी बांधून आली.

निवृत्त_गुरुजी
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मुलाला रोज पहाटे पार्क मैदानावर पळवा, भिजवलेले बदाम द्या. हल्ली प्रत्येक आळसाला आजाराचं नाव मिळतं.

गारमेंटवाला_३४
गुरुजी, मलाही पळवलंय. पळून नाडी बांधता येत नाही.
मला स्वतःला हे आहे, नाव मोठेपणी कळलं. जे काम जमत नाही, त्याचे तुकडे पाडून तेच काम हळूहळू शिकवावं लागतं. नाडी तर नाडी, चमचा तर चमचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हेच करून घेतात. हे पूर्ण जात नाही, पण एकेक काम हाताला बसतं. आळसाचं म्हणाल तर डॅनियल रॅडक्लिफ हा नट बघा. त्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया आहे, नाडी बांधायला त्रास होतो, हे २००८ मध्ये जाहीर झालं. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. मी गिअरची गाडी सोडून दिली, स्कूटीवर मजेत फिरतो.
आत्या, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघतो. शर्टाला वरून बटणं दिसतील अशी टाकायची, खाली वेलक्रो. पँटला हुकाऐवजी इलॅस्टिक. वर्गात कोणाला कळत पण नाही.

शेंगाचटणी
वेलक्रो चादरीबरोबर मशीनला टाकला की सगळे धागे त्यालाच. आमच्याकडं झालंय. टिचबटणं लावा.

गारमेंटवाला_३४
टिचबटणाला बोटात जोर लागतो आणि दोन्ही बाजू नेमक्या समोरासमोर याव्या लागतात. त्यातच तर घोडं अडतंय. वेलक्रो बंद करून धुवायचा.

कोथरूडची_मावशी
आम्ही मुलासाठी घरातच झोका, मोठा चेंडू, तोल सांभाळायची फळी असं सगळं केलं. तीसेक हजार गेले. पण पैशाकडे बघू नये, मुलाकडे बघावं. तुम्ही सरळ पुण्याला शिफ्ट का होत नाही?

सातरस्ता_किंग
तीस हजारांत कितीतरी डिजिटल आले असते.

हुतात्माबाग_आई
धागा कुठं चाललाय! आत्या, आधी शाळा धरा. शाळेत जाणाऱ्या मुलांत साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो, म्हणजे ४० च्या वर्गात दोनेक निघतात. तुमचा एकटाच नाही, हे बाईंना सांगा.
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव लिहिलेलं आहे. नुसत्या नावानं सवलत मिळत नाही, सरकारी प्रमाणपत्र लागतं. सिव्हिलला चौकशी करा. सातवी-आठवीपर्यंत थांबू नका, परीक्षेत वेळ वाढवून मागायची तर कागद आधी हातात हवा.
माझ्या मुलीच्या आधीच्या शाळेत पालकसभेत मी तासभर बोलले, कोणी मान वर केली नाही. नव्या शाळेत बोललेच नाही. जाड हातमोजे नेले आणि शिक्षकांना ते घालून शर्टाचं बटण लावायला सांगितलं. पीटीच्या सरांनी दुसऱ्याच बटणाला हात टेकले. तुम्ही पण पालकसभेतच करा, मंडळाच्या भानगडीत पडू नका. लेझीमऐवजी त्याला झेंडा द्या.

निवृत्त_गुरुजी
झेंडा उत्तम. बदामही सुरू ठेवा.

अक्कलकोटरोड
मी पण हेच म्हणणार होतो, झेंडा द्या. डिजिटल छोटं लावलं तरी चालतंय.

आत्या_जोडबसवण्णा
सगळ्यांचे आभार. डिजिटल, पत्रकं, व्याख्यान यातलं काहीच करत नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबतही नाही. आणि झेंडा तर नाहीच, त्याला लेझीमच खेळायचीय, रात्री लाटणं घेऊन हात करत बसतो.
लेझीम शिकवणाऱ्या वस्तादांना रविवारी घरी जेवायला बोलावलं. जेवायच्या आधी हातमोजे पुढं केले (हुतात्माबागताई, आयडिया तुमचीच). वस्ताद बटणाशी झटले, घाम पुसला आणि म्हणाले, "असं असतंय होय?" मग त्यांनीच सुचवलं की सगळे डाव एकदम नकोत, पहिले तीनच. पाय कुठं टाकायचा तिथं खडूनं खूण करायची. हलगी पण हळू पाहिजे. म्हणून आमच्या गल्लीतल्या हलगीवाल्याला बाराशे दिले, सरावाआधी अर्धा तास नुसता संथ ठेका वाजवायला. बाकीची दोन-तीन लहान पोरं पण येऊन उभी राहतात, त्यांचंही चुकत होतं म्हणे. मिरवणुकीत तो मागच्या ओळीत असेल.

कोथरूडची_मावशी
पण ही जनजागृती कशी झाली? एका माणसाला सांगितलंत फक्त.

आत्या_जोडबसवण्णा
त्या माणसाच्या हाताखाली साठ पोरं आहेत ओ. शाळेत पण जाणार आहेच, प्रमाणपत्राचं बघते. @गारमेंटवाला, उरलेल्या आठशेत शर्ट किती बसतील?

गारमेंटवाला_३४
दोन आरामात. छाती, उंची आणि बाहीचं माप मेसेज करा. बाही थोडी आखूडच ठेवू, जेवताना भाजीत जात नाही.