लाल फेरारी दिसली, त्यात दर्शन कसले?

पायी_चालणारा (धागालेखक)

काल एका सदस्याने पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या लाल फेरारीचे मागून टिपलेले छायाचित्र येथे टाकले आणि खाली लिहिले, ‘एसएफ90 स्ट्रॅडालेचे दर्शन घडले, सकाळ सार्थकी लागली.’ तासाभरात त्याखाली जोडलेल्या हातांच्या चिन्हांचा खच पडला. त्याच छायाचित्रात एक वृद्ध गृहस्थ दुभाजकावर एक पाय टेकून रस्ता ओलांडण्याची वाट पाहत उभे आहेत. त्यांच्याविषयी एकाही प्रतिसादात चकार शब्द नाही.

दर्शन विठोबाचे घ्यावे. दुसऱ्याच्या पैशाचे दर्शन घेऊन आपण नेमके काय मिळवतो, हे मला कोणी समजावून सांगेल काय? माझे घर या रस्त्यापासून फार लांब नाही. वडिलांची बायपास झाली, त्या महिन्यात जवळजवळ रोज मध्यरात्री अशीच कोणती तरी गाडी बार उडवल्यासारखा आवाज करीत जात असे आणि वडील दचकून उठून बसत. मे 2024 मध्ये कल्याणीनगरात भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्या कोट्यवधींच्या गाडीच्या नोंदणीचे अवघे 1,758 रुपये भरायचे राहिले होते. ज्या शहरात हे घडले, त्या शहराने अशा गाड्यांपुढे हात जोडावेत, याची मला चीड येते.

गियरपेटी

आपल्या वडिलांना झालेल्या त्रासाविषयी वाईट वाटते, परंतु फिर्याद चुकीच्या आरोपीवर दाखल झाली आहे. एसएफ90 ही हायब्रिड गाडी आहे. केवळ बॅटरीवर ती सुमारे 25 किलोमीटर निमूटपणे धावते, म्हणजे आपल्या गल्लीतून गेली तरी आपल्याला कळणारही नाही. मध्यरात्रीचे बार बहुधा सायलेन्सर बदललेल्या मोटरसायकलींचे असतात आणि त्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही. पोर्शे जर्मन आहे, हेही नम्रपणे नमूद करतो.

राहिला प्रश्न पैशाचा. परदेशातून तयार येणाऱ्या अशा गाडीवर 110 टक्क्यांच्या आसपास आयात शुल्क लागते, शुल्कासकट झालेल्या किमतीवर पुन्हा जीएसटी लागतो आणि त्यानंतर रस्ता कर असतो. फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्याला जेवढे मिळते, त्याहून अधिक आपल्या सरकारांना मिळते. त्या पैशातून आपला पदपथ झाला नसेल, तर जाब महापालिकेला विचारावा.

जमाखर्च

गियरपेटी यांनी रस्ता कराचा उल्लेख करून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. महाराष्ट्रात आयात गाडीवर 20 टक्के कर आहे खरा, परंतु त्याला कमाल मर्यादा आहे. ती 20 लाख होती, 1 जुलै 2025 पासून 30 लाख झाली. शेजारच्या कर्नाटकात 18 टक्के असून अशी मर्यादा नाही. म्हणूनच त्याच जुलै महिन्यात बंगळुरूमध्ये, वर्षाहून अधिक काळ एमएच पाटीवर फिरणाऱ्या एका लाल एसएफ90 ला तेथील परिवहन खात्याने अडवले आणि मालकाला सुमारे 1 कोटी 42 लाख रुपये मोजावे लागले. शिवाय गाडी कंपनीच्या नावावर घेतली, की दरसाल 15 टक्के घसाऱ्याची करवजावट मिळते. मी तीस वर्षे हेच कागद रंगवत आलो आहे, त्यामुळे ‘सरकारला किती मिळते’ हे मला सांगू नये.

अवांतर: फेरारी आणि कर म्हटले, की सचिनची 360 मोडेना आठवतेच. 2003 मध्ये सुमारे 1 कोटी 13 लाखांचे सीमाशुल्क माफ करण्याचा निर्णय केंद्राने घेतला होता, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी तोंड उघडले?

कट्टेकरी_दादर

सचिनला मध्ये ओढल्याशिवाय आपली चर्चा संपतच नाही का? त्याने ती गाडी मागितलेली नव्हती. एप्रिल 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला 29वे कसोटी शतक काढून त्याने ब्रॅडमनशी बरोबरी केली, म्हणून जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला फेरारीचा शर्यतपटू शूमाकर याच्या हस्ते ती त्याला भेट मिळाली. देशाला एवढे देणाऱ्या माणसाला एक गाडी बिनशुल्क मिळाली असती, तर कोणाची इस्टेट बुडाली असती? त्या काळी वरळी सीफेसवर एका पहाटे ती लाल गाडी माझ्या शेजारून गेली. काचा वर होत्या, आत कोण आहे ते दिसले नाही, तरीही मी दूध आणायचे विसरून घरी परतलो. याला आपण पैशाचे दर्शन म्हणत असाल, तर खुशाल म्हणा.

जमाखर्च

दूध विसरण्यास माझी हरकत नाही, कायदा विसरण्यास आहे. सवलत होती ती खेळाडूंनी स्पर्धांत मिळवलेल्या बक्षिसांसाठी. कंपनीने जाहिरातीच्या हेतूने दिलेली भेट त्यात बसत नव्हती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाट हिने भरले. 1986 साली माझ्या मामांनी दुबईहून टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) आणला, तेव्हा सहार विमानतळावर त्यांना तीन तास उभे करून शुल्क वसूल केले होते. मामांच्या नावावर एकही शतक नव्हते, एवढाच काय तो फरक.

कट्टेकरी_दादर

टू-इन-वनची तुलना फेरारीशी आणि मामांची सचिनशी! शुल्क शेवटी भरले गेले, हे आपणच लिहिता; मग बावीस वर्षे पोटात दुखते ते कशासाठी? 2011 मध्ये त्याने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकलीही. आपले मामा अजून त्या टू-इन-वनवर गाणी ऐकत असतील, तर त्यांना माझा नमस्कार सांगावा.

जमाखर्च

मामा 2009 मध्ये वारले. नमस्कार पोहोचवण्याची सोय माझ्याकडे नाही.

कट्टेकरी_दादर

ते ठाऊक नव्हते. मामांविषयीचे वाक्य मागे घेतो. सचिनविषयीचे एकही घेणार नाही.

तांबडा_पांढरा

पुणे-मुंबईकरांचे भांडण आटोपले असेल, तर कोल्हापूरचे ऐकावे. आमच्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते आणि ती पाहण्यासाठी लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे राहतात. त्यांना कोणी लाचार म्हणत नाही. हां, ती गाडी वर्षातून एकदा येते आणि सावकाश चालते, हा धागालेखकांच्या बाजूचा मुद्दा मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

पद्मिनीवाला_1089

दुर्मिळ इटालियन गाडीचे एवढे अप्रूप आहे, तर आपल्या घरच्या गाडीचे नाव कोणीच कसे घेत नाही? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट 1100 डिलाइट आणि पुढची पद्मिनी ही मूळची इटालियनच. माझ्या वडिलांनी नोंदणी केल्यावर नंबर लागेपर्यंत माझी शाळा बदलली होती. गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे आणि बोरघाटात अमृतांजन पुलाच्या अलीकडे थांबून, बॉनेट उघडून, रेडिएटरमध्ये पाणी ओतणे हा प्रवासाचा भागच होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षे भरताच, 2023 मध्ये, रस्त्यावरून उतरली. आता मुंबईच्या रस्त्यावर फेरारी दिसेल, पद्मिनी दिसणे कठीण. आमच्या गाडीचे दर्शन घेतले असते, तर मीही हात जोडले असते.

पायी_चालणारा

पद्मिनीच्या बाबतीत मी विरघळलो, हे कबूल करतो. ती आमच्याही आळीत होती आणि सकाळी ती सुरू व्हावी म्हणून सगळी आळी धक्का मारीत असे. धक्का मारताना मालक आणि शेजारी एकाच पातळीवर येतात, फेरारीच्या बाबतीत ते होत नाही, एवढेच मला म्हणायचे होते. आवाजाबाबत गियरपेटी यांचे म्हणणे बरोबर असेलही. उद्यापासून मध्यरात्री जाग आली, तर मी गच्चीत जाऊन ती गाडी कोणत्या बनावटीची आहे याची खात्री करून घेईन आणि मगच दचकेन.

लाल_दिवा (छायाचित्रकार)

मूळ छायाचित्र माझे. इतका वेळ गप्प होतो, कारण ते वृद्ध गृहस्थ माझे वडील आहेत. रस्ता ओलांडायचे सोडून तेच गाडी पाहत उभे राहिले होते आणि छायाचित्र काढण्याची आज्ञाही त्यांचीच होती.

गियरपेटी

छायाचित्र मोठे करून पाहिले आणि आता मलाही माघार घ्यावी लागते. एसएफ90 ला मागे उंचावर सायलेन्सरच्या दोन नळ्या असतात. येथे मधोमध एकच दिसते. म्हणजे ही एसएफ90 नसून 296 जीटीबी आहे, तिला आठ नव्हे, सहा सिलिंडर असतात. तीही हायब्रिड असल्याने 25 किलोमीटरचा मुद्दा मात्र शाबूत राहतो.

पायी_चालणारा

दोन सिलिंडर कमी भरले, तेवढ्यापुरती माझी तक्रारही कमी समजावी.